दोनशे बारा नकाशे

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी नाकं मुरडायला नकोत. घर शनिवार पेठेत आणि नोकरी खराडीला. नगर रोडनं रोज दोन वेळा जीव मुठीत धरून जाणाऱ्या पन्नाशीच्या बाईनं शांत असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक आठवडा माझी स्कूटर चालवून बघावी. असो. सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, प्रज्ञेश मेश्रामबद्दल.

प्रज्ञेश आमच्या कंपनीत, माझ्या हाताखाली, सर्व्हर सांभाळायचा. वय एक्केचाळीस. मूळचा भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा, राहायला चंदननगरला. बायको कल्याणी तिथल्याच एका शाळेत शिकवते, मुलगी यंदा दहावीला. अंगानं किडकिडीत, शर्ट कायम खोचलेला, आणि बोलणं इतकं हळू की पहिलं वर्षभर मी त्याच्या दर वाक्याला "काय?" म्हणायचे. काहीही विचारा, उत्तर एकच. "बघून राहिलो, मॅडम." मी चिडवायचे, "अरे, बघून राहिलास ते दिसतंय, करून कधी राहणार?" तो हसायचा आणि परत स्क्रीनमध्ये डोकं घालायचा. आठ वर्षं तो आमच्याकडं कंत्राटावर होता. दर मार्चअखेर कंत्राट संपायचं, दर एप्रिलमध्ये नवं व्हायचं, आणि दर फेब्रुवारीत त्याचं जेवण कमी व्हायचं. डबा उघडायचा, दोन घास खायचा, बंद करायचा. मला ते दिसायचं आणि माझी चिडचिड व्हायची, पण ती कुणावर काढायची हे कळायचं नाही.

आता काम काय, ते सांगते. एका शहराच्या पाणीपुरवठ्याचा सगळा नकाशा आमच्याकडं आहे. शहराचं नाव सांगत नाही, उगाच कशाला. कुठल्या रस्त्याखालून कुठली लाइन गेलीय, कुठल्या चौकात कुठला व्हॉल्व्ह आहे, तो फिरवला की कुठल्या गल्लीचं पाणी बंद होतं, हे सगळं त्यात. तिथल्या पाणीखात्याचे साहेब लोक तो ऑफिसात मोठ्या पडद्यावर बघतात आणि रस्त्यावरचे व्हॉल्व्हमन मोबाइलवर. हे सगळं चालतं ते खराडीतून आम्ही सांभाळतो त्या सर्व्हरवर. तो चालू असला की आमची कुणाला आठवण नसते. बंद पडला की सगळ्यांना आमचे आईबाप आठवतात.

आणि तो बंद पडायचाच. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. मेमरी भरायची, नकाशा उघडेनासा व्हायचा, नुसतं गोल गोल फिरत राहायचं. मग तक्रार यायची. तक्रार नोंदवली की तिला नंबर पडतो, त्याला आमच्याकडं तिकीट म्हणतात. तिकीट आलं की प्रज्ञेशनं सर्व्हर बंद करून चालू करायचा, दहा मिनिटं सगळ्यांच्या शिव्या खायच्या, आणि तिकीट बंद करायचं. महिन्याला चाळीसेक तिकिटं. आमचे प्रोजेक्ट हेड दिग्विजय सर यावर बेहद्द खूश. दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर आलेख दाखवायचे. चाळीस आली, चाळीस मिटवली, शंभर टक्के! टाळ्या. प्रज्ञेश टाळ्या वाजत असताना टेबलाकडं बघत बसायचा. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, एकाच पेशंटला चाळीसदा ॲडमिट केलं याच्या टाळ्या वाजून राहिल्या."

गेल्या पावसाळ्यानंतर त्यानं मूळ शोधायचं मनावर घेतलं. झालं असं, की सप्टेंबरमध्ये तो तीन दिवस त्या शहरात जाऊन आला. जायची काही गरज नव्हती, मीच कुरकुरत परवानगी दिली होती. तिथं तो दशरथ नावाच्या व्हॉल्व्हमनबरोबर फिरला. दशरथ पंचावन्नचा, रोजंदारीवरचा. पहाटेपासून सायकलवर लोखंडी चावी बांधून फिरतो आणि शहराच्या एका भागाला पाणी सोडतो. पूर्वी त्याला सगळे व्हॉल्व्ह तोंडपाठ होते. नंतर रस्ते काँक्रीटचे झाले, निम्म्या लाइन बदलल्या, आता तो मोबाइलवर नकाशा बघितल्याशिवाय झाकण उघडत नाही. प्रज्ञेशनं त्याला आपला नंबर दिला. दशरथनं तो आणखी चाळीस जणांना दिला. तेव्हापासून ती माणसं तिकीट वगैरे काही नोंदवायची नाहीत, सरळ प्रज्ञेशला फोन. "मेश्राम साहेब, नकाशा फिरून राहिला ना," असं ते त्याच्याच तऱ्हेनं बोलायला लागले होते. मी म्हटलं, "यांना तिकीट करायला सांग, तुझ्या नावावर चढतील." तर म्हणे, "हातात चावी असते मॅडम, तिकीट कुठं करतील."

तर, मूळ शोधायला तो बसला. रोजची कामं उरकून तासभर जास्त. महिन्याभरानं मला बोलावलं आणि स्क्रीनवर एक यादी दाखवली. दोनशे बारा नकाशे!

"एका शहराचे दोनशे बारा?" मी ओरडलेच.

"शहर एकच. नकाशाही एकच. साहेब दोनशे बारा."

मग त्यानं एकेक उलगडून सांगितलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ऑफिसात नवा अधिकारी आला, की त्याला स्वतःचा नकाशा लागायचा. लाइन त्याच, व्हॉल्व्ह तेच, पण रंग साहेबांच्या पसंतीचे आणि वर साहेबांचं नाव. रावसाहेब म्हणून एक अभियंते होते, त्यांना मोठ्या लाइन जांभळ्या हव्या होत्या. त्यांच्या जागी आले त्यांना जांभळा रंग अशुभ वाटायचा. एकानं स्वतःच्या बंगल्याच्या गल्लीला सोनेरी रंग मागितला होता आणि आमच्या लोकांनी तो दिलाही होता. साहेबांची बदली झाली की नवे साहेब, नवा नकाशा. जुना काढायचा नाही. साहेबाचा नकाशा काढायचं धाडस कोण करणार? बारा वर्षं हे साठत गेलं होतं. त्यातले काही निवृत्त झालेले, एक तर देवाघरी गेलेले. त्यांचाही नकाशा सर्व्हरवर रोज तयार होऊन वाट बघत बसलेला.

आणि नुसता एक नाही, प्रत्येकाच्या दोन प्रती. याच रावसाहेबांना एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर नकाशा उघडायला दहा सेकंद लागले. त्यांचा अपमान झाला. लेखी आदेश आला, की नकाशा मागितल्याबरोबर दिसला पाहिजे. मग आमच्याकडच्या कुणीतरी शहाण्यानं सरसकट सगळ्या नकाशांना लावून दिलं, की कुणी बघो न बघो, दोन प्रती कायम जाग्या. आलेल्या पाहुण्याला लगेच वाढता यावं म्हणून दोन आचारी चोवीस तास चुलीपाशी उभे, असं ते होतं. पाहुणा बदलून गेलाय, आचारी उभेच. एका प्रतीला दीडशे एमबी मेमरी. दोनशे बारा गुणिले दोन गुणिले दीडशे. सर्व्हरची चौसष्ट जीबी मेमरी यातच संपत होती, आणि रस्त्यावर चावी घेऊन उभ्या असलेल्या दशरथच्या नकाशाला जागाच उरत नव्हती.

"रोज उघडले जातात ते किती?" मी विचारलं.

"एकोणीस."

मी खुर्चीतच बसले. आठ वर्षं आम्ही बंद-चालू, बंद-चालू करत होतो आणि टाळ्या वाजवत होतो. मला रडूच यायचं बाकी होतं, इतका संताप झाला.

आता कुणालाही वाटेल, की झालं, एकशे त्र्याण्णव बंद करा आणि मोकळे व्हा. पण नियम असा, की ज्याचा नकाशा त्याची लेखी परवानगी. प्रज्ञेशनं पत्रं पाठवली. एकशे त्र्याण्णव पत्रं! उत्तरं आली तीस-बत्तीस, आणि ती मी जपून ठेवलीत, अधूनमधून वाचते आणि चहा गार करते. "सदर अधिकारी बदलून गेल्याने अभिप्राय देणे शक्य नाही." "सदर नकाशा कोणाचा आहे हे नकाशा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, तथापि नकाशा उघडत नाही." आणि सगळ्यांत भारी, "साहेब पुन्हा याच पदावर येण्याची शक्यता असल्याने नकाशा बंद करू नये."

हे शेवटचं वाचून मी उठले, प्रज्ञेशच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "कर बंद. माझ्या नावावर. मेल टाकते तुला आत्ता." त्यानं विचारलं, "नक्की मॅडम?" मी म्हटलं, "अरे बाबा, मेलेल्या माणसाची परवानगी आणायला मला वर पाठवतोस का?"

त्यानं घाई केली नाही, हेही सांगते. मी असते तर एका झटक्यात सगळे मारले असते. तो रोज दहा बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी कुणी ओरडतंय का बघायचा. कुणी ओरडलं नाही. शिवाय एक छोटी फाइल बनवून ठेवली, की उद्या कुणी मागितलेच तर ती चालवली की बंद केलेले सगळे नकाशे परत उभे राहतील. ती कशी चालवायची हे त्यानं मलाही शिकवलं. "मी सुट्टीवर असलो तर," म्हणाला. जाता जाता आणखी एक दुखणं सापडलं. नकाशा कागदावर छापायची जी सोय होती, ती दर छपाईला थोडी मेमरी घ्यायची आणि परत द्यायचीच नाही. तिला त्यानं रोज ठरलेल्या वेळी आपोआप नव्यानं सुरू व्हायला लावलं. जानेवारीच्या सुरुवातीला काम संपलं.

आणि सर्व्हर बंद पडायचा थांबला.

पहिला आठवडा आम्ही श्वास रोखून काढला. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला कँटीनमध्ये साबुदाणा वडा खिलवला. पूर्ण जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. एकही तिकीट नाही. दशरथचा एकदा फोन आला तो नुसता सांगायला, की नकाशा आता हात लावला की उघडतो. त्या फेब्रुवारीत आठ वर्षांत पहिल्यांदा प्रज्ञेश पूर्ण डबा खात होता. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू!

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंत्राटांचे फॉर्म आले. आता फॉर्म म्हणजे कागद नाही, कॉम्प्युटरच भरतो. नाव प्रज्ञेश मेश्राम. शेवटच्या तिमाहीत मिटवलेली तिकिटं, शून्य. कामगिरी, शून्य. शिफारस, नूतनीकरण नको.

मी तो फॉर्म तीनदा वाचला आणि दिग्विजय सरांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं की नाही आठवत नाही.

"सर, हे शून्य काय आहे?"

"अहो पूर्वा मॅडम, बसा ना. तिकिटं नाहीत ना या तिमाहीत. मी काय करू?"

"तिकिटं नाहीत कारण त्यानं बिघाडच काढून टाकलाय!"

"तेच म्हणतोय मी. उत्तम काम केलंय. पण आता सर्व्हर चालतोय ना व्यवस्थित? मग तिथं पूर्ण वेळ माणूस कशाला, असं वरचे विचारणार. त्यांचंही बरोबर आहे."

"मग त्याला दुसरं काम द्या."

"शून्य कामगिरीवाल्याला दुसरा प्रोजेक्ट कोण घेईल? सिस्टिम घेतच नाही हो."

मी म्हटलं, फॉर्ममध्ये शेरा लिहिते. शेऱ्याला जागा नव्हती. मी म्हटलं, वर मेल करते. केली. तीन दिवसांनी उत्तर आलं, की आपली सूचना पुढील वर्षीच्या फॉर्मसाठी नोंदवून घेतली आहे. मी म्हटलं, दशरथ आणि त्या चाळीस जणांकडून दोन ओळी लिहून आणते. तर म्हणे, बाहेरच्या माणसांचा अभिप्राय धरता येत नाही. भिंतीवर डोकं आपटायचं तर भिंतही काचेची आमच्याकडं, आणि बाहेरून सगळे बघतात.

प्रज्ञेशला मी सांगितलं तेव्हा त्यानं आधी समोरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाला, "मुलीचा शेवटचा पेपर वीस तारखेला आहे. तोपर्यंत घरी नाही सांगत." दुसऱ्या दिवसापासून डबा परत दोन घासांवर आला. आठ वर्षं एकाच जातीचा सर्व्हर सांभाळलेल्या एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला खराडीत कोण विचारतं? समोरच्या इमारतीत पंचविशीची पोरं रांगेत उभी असतात. त्याची नोकरी जाणार होती, आणि ती जाणार होती कारण त्यानं ती नीट केली होती. मला रात्री झोप लागेना. घरात सगळ्यांवर डाफरून झालं.

आणि मग मी ते केलं.

मंगळवार होता, अकरा मार्च. मी विचार करून वेळ निवडली होती, हे मुद्दाम सांगते. सकाळचं पाणी साडेनऊला सोडून होतं. अकरा वाजता नकाशा बघणार ते फक्त साहेब लोक. त्यांना अर्धा तास गोल फिरणारं चक्र बघू दे. तिकिटं येतील, प्रज्ञेश मिटवेल, शून्याचं काहीतरी होईल, आणि याच्याशिवाय चालत नाही हे त्या काचेच्या केबिनला कळेल. मी माझ्या नावानं सर्व्हरवर शिरले आणि प्रज्ञेशनं शिकवलेली ती फाइल चालवली. एकशे त्र्याण्णव साहेब आपापल्या दोन-दोन आचाऱ्यांसह परत उभे राहिले. मेमरीचा काटा चढताना बघून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. अकरा वाजून सात मिनिटांनी सर्व्हर गोठला.

तिकिटं आली. एक, तीन, सात, अकरा. दिग्विजय सर केबिनबाहेर धावत आले. "मेश्राम! अहो, मेश्राम कुठंय?" मी माझ्या जागेवर बसून होते, आणि मनात म्हणत होते, आता कळलं?

प्रज्ञेश मात्र तिकिटांकडं बघतच नव्हता. त्याच्या कानाला फोन होता. "दशरथ भाऊ, थांबा. झाकण उघडू नका. दोन मिनिटं थांबा." मग, "पाणी कुठपर्यंत आलंय?" मग तो नुसताच ऐकत राहिला.

दवाखान्यासमोरची मोठी लाइन फुटली होती. साडेदहालाच. दशरथ खड्ड्यात उतरला होता, कमरेएवढ्या पाण्यात, आणि तिथं शेजारी शेजारी तीन व्हॉल्व्ह होते. कुठला बंद करायचा ते नकाशात होतं. नकाशा उघडत नव्हता. सर्व्हर पूर्ण गोठलेला, प्रज्ञेशलाही आत शिरता येईना, शेवटी सगळंच बंद करून चालू करावं लागलं, परत उभे राहिलेले नकाशे पुन्हा काढावे लागले. त्यात पंचवीस मिनिटं गेली. पाणी दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लागलं म्हणून दशरथनं अंदाजानं एक व्हॉल्व्ह धरला. चुकीचा होता, वर्षानुवर्षं न फिरलेला. चावी झटका देऊन उलटी फिरली. उजवं मनगट मोडलं.

दुपारी तीनपर्यंत सगळं शांत झालं. दिग्विजय सर पेढ्यांची भाषा करत होते. अकरा गंभीर तिकिटं, एका तासात मिटवली! त्यांनी माझ्यासमोर फॉर्म पुन्हा उघडला. कामगिरी, उत्तम. शिफारस, नूतनीकरण करावे. जे आठवडाभर मला जमलं नव्हतं ते एका दिवसात झालं.

चार वाजता प्रज्ञेश माझ्या टेबलापाशी आला. हातात काही नव्हतं. बसला नाही.

"लॉग बघितला, मॅडम. अकरा वाजता कोण शिरलं ते."

मी म्हटलं, "प्रज्ञेश, मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं रे, लाइन फुटलीय म्हणून. मी वेळ बघून..."

"तुम्ही मला विचारलं नाही." आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण या वेळी मला एकेक शब्द ऐकू आला. "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाही ना?"

ते खरं होतं. मी इतके दिवस दिग्विजय सरांवर, फॉर्मवर, साहेबांवर चिडत होते. पण नोकरी त्याची आहे, म्हणून त्याच्याशी बोलावं, हे मीही टाळलं होतं. तोंडानं मी त्याची बाजू घेत होते आणि त्याला हिशेबात धरत मीही नव्हते.

मी तशीच उठून दिग्विजय सरांकडं गेले आणि सांगून टाकलं, की हे मी केलं. त्यांनी दार लावून घेतलं. "पूर्वा मॅडम, हे मला सांगायची काही गरज होती का? आता सगळं छान झालंय. नेटवर्क गेलं होतं असं लिहून टाकू." मी म्हटलं, एका माणसाचा हात मोडलाय. ते म्हणाले, "तो आपला माणूस नाही हो." तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

परत आले तर प्रज्ञेश मेल लिहीत होता. मी मागं उभी राहून वाचली. चार ओळी होत्या. आजची अकरा तिकिटं माझ्या नावावरून काढावीत. आज सर्व्हर बिघडला नव्हता. या तिमाहीत मी मिटवलेल्या तक्रारी शून्य आहेत, त्याच धराव्यात. खाली नाव.

"अरे, वेडा आहेस का?" मी त्याचा हातच धरला. "मी कबूल केलंय सगळं. शिक्षा मला होऊ दे. तुझं कंत्राट झालंय, ते तर घे! मुलगी दहावीला आहे तुझी!"

त्यानं हात सोडवून घेतला. "दशरथच्या मनगटावर मला वर्ष काढायचं नाही, मॅडम." आणि मेल पाठवून दिली.

पुढचं सगळं झटपट झालं. आमच्याकडं एवढी एकच गोष्ट झटपट होते. फॉर्म परत शून्यावर आला, नूतनीकरण रद्द. मला काय झालं? काही नाही. मी कायम नोकरीत. एक समज देणारं पत्र मिळालं, तेही इंग्रजीत, आणि सहीसाठी दिग्विजय सरांनी स्वतःचं पेन दिलं. दशरथला भेटायला प्रज्ञेश रविवारी एकटाच जाऊन आला. मला सांगितलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं. मी नंतर गेले तेव्हा दशरथनं प्लॅस्टरमधल्या हातानं मला बसायला खुर्ची सरकवली आणि मेश्राम साहेब बरे आहेत ना, असं विचारलं. मी काय केलं ते मी त्याला सांगितलं. त्याची बायको चहाचे कप न विचारता उचलून आत घेऊन गेली.

एकतीस मार्चला प्रज्ञेशनं संध्याकाळपर्यंत काम केलं. मेमरीचा काटा अर्ध्याच्या खाली होता, तिकीट एकही नव्हतं. ओळखपत्र परत केलं, ड्रॉवर रिकामा केला. दोन चार्जर, एक डबा, पाण्याची बाटली, एवढंच निघालं. मी बाजूला उभी होते. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून विचारलं, "कल्याणी काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं केलं." त्यानं बॅगेची चेन लावली. "मग रडली."

मी त्याची बॅग उचलायला पुढं झाले.

"राहू द्या, मॅडम," तो म्हणाला, आणि स्वतःच उचलली.